खिशातल्या चाकूची पारख

पावसाळ्यातल्या रविवारी राजमाचीवरच्या उधेवाडीत एखाद्या घराच्या पडवीत ओलाचिंब कंपू टेकलेला असतो. घरची बाई वेलावरून नुकत्याच उतरवलेल्या दोन काकड्या पुढे ठेवते. लगेच सॅकचे बंद सुटतात आणि चाकू बाहेर येतात. एकाचा काळाकुट्ट, अर्ध्या पात्याला दाते असलेला. दुसऱ्याचा वीतभर लांब, पाठीवर करवत कोरलेला. जाडजूड पाते काकडीत अर्ध्यापर्यंत जाते, तिथे अडते, जोर दिला की काकडी कापली न जाता फुटते आणि अर्धी शेणाने सारवलेल्या जमिनीवर घरंगळते. शेवटी आतून विळी येते आणि दोन मिनिटांत ताटलीभर चकत्या होतात.

दुकानात डोळ्यांत भरतो तो चाकूचा आकार, आणि पडवीत कामाला येते ती त्याची धार. त्यामुळे चाकू घ्यायला निघालेल्याने कंपनी, पोलाद, किंमत हे सगळे थोडे मागे ठेवून आधी एकच गोष्ट ठरवावी: या चाकूने काय काय कापायचे आहे? याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले की अर्धी निवड तिथेच होऊन जाते.

एक आठवडा नीट लक्ष ठेवून पाहावे. खोक्यावरची चिकटपट्टी, दुधाची पिशवी, सुतळीची गाठ, नव्या शर्टाचे लेबल, औषधाची पट्टी, डब्यातले सफरचंद, वायरचे प्लास्टिक. डोंगरात गेले की त्यात कांदा, लिंबू, काकडी, बँडेजची पट्टी, नायलॉनची दोरी यांची भर पडते. शिवाय हमखास येणारे एक काम म्हणजे ऐन उतारावर निघालेला बुटाचा तळवा बांधण्यासाठी दोरीचे तुकडे करणे. या यादीत असे काहीही नाही की ज्याला तीन-साडेतीन इंचांहून मोठे पाते लागेल. झाड तोडायचे नाही, नारळ सोलायचा नाही, वाघाशी झुंजायचे नाही. साडेसहा ते साडेआठ सेंटिमीटर लांबीचे, पातळ, सरळ धारेचे एक पाते ही सगळी कामे करते.

लहान चाकू जवळ बाळगणे मराठी माणसाला नवे नाही. टाक-बोरूच्या काळात कारकुनाच्या सामानात बोरू तासायचा चाकू असायचाच. बोरूचे टोक तिरके छाटायचे तर पाते लहान, पातळ आणि अतिशय धारदार लागते. बोथट पात्याखाली बोरू चिरफाळतो. लहान, पातळ, धारदार या तीन गुणांत आजच्या खिशातल्या चाकूचीही बहुतेक परीक्षा सामावली आहे.

जगात सर्वाधिक ओळखला जाणारा खिशातला चाकू जन्मला तोही अगदी साध्या गरजेतून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्विस सैन्याला सैनिकांसाठी घडीचा चाकू हवा होता. त्याने डबाबंद अन्न उघडता यावे आणि १८८९ सालच्या नव्या रायफलीचे भाग सुटे करता यावेत, एवढी अपेक्षा होती. पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून मागवावी लागली. कार्ल एल्सनर या कारागिराने १८८४ मध्ये इबाख या गावी आपला कारखाना काढला होता. त्याने १८९१ मध्ये सैन्याला स्विस बनावटीचे चाकू द्यायला सुरुवात केली. पुढे १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू केला. त्यातली युक्ती अशी की मुठीतल्या एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारे पेलली जातात. त्यामुळे मूठ जाड न करता अवजारे वाढवता आली. १९०९ मध्ये वारलेल्या आईचे, व्हिक्टोरियाचे नाव त्याने मालाला दिले. १९२१ च्या सुमारास न गंजणारे पोलाद वापरात आल्यावर त्याच्या 'इनॉक्स' या फ्रेंच संक्षेपाची जोड मिळून व्हिक्टोरिनॉक्स हे नाव तयार झाले.

या लाल चाकूंमध्ये मिटलेल्या मुठीच्या लांबीवरून प्रकार पडतात. ५८ मि.मी.चा चाकू किल्ल्यांच्या जुडग्यात मावतो. वजन जेमतेम २० ग्रॅम, पण तो दोन बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. ९१ मि.मी.चा चाकू हाताला पुरतो. 'स्पार्टन' किंवा 'टिंकर' ही त्यातली साधी रूपे साठ ग्रॅमच्या आसपास भरतात. स्पार्टनच्या पाठीवर बाटलीचे बूच काढायचा पेचदार स्क्रू असतो, टिंकरला त्या जागी चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर. आपल्याकडे दुसराच अधिक उपयोगाचा. मात्र तो पेचदार स्क्रू ओल्या दोरीची आवळलेली गाठ सोडवायला फार कामाला येतो, हेही सांगायला हवे. दोन्हींच्या मुठीत एक बारीक चिमटा दडलेला असतो. करवंदीचा किंवा घाणेरीचा काटा बोटात रुतल्यावर या चिमट्याची किंमत कळते. 'हंट्समन'मध्ये कात्री आणि लाकूड कापायची करवत वाढते, वजन शंभर ग्रॅमच्या जवळ जाते. कात्री असलेला चाकू डोंगरात नेणाऱ्याने निवडावा, कारण फोडावर लावायची पट्टी पात्याने नीट कापली जात नाही. याच्या पुढे अवजारांची संख्या वाढवत नेण्यात अर्थ नाही. 'स्विस चॅम्प' १८० ग्रॅमच्या वर जातो, खिसा ओढतो, आणि मग घरीच राहतो.

दुसरे उदाहरण फ्रान्समधल्या साव्हुआ या डोंगरी मुलखातले. तिथल्या जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये शेतकऱ्या-गुराख्यांसाठी एक चाकू केला: बीच लाकडाची गोलसर मूठ आणि तीत मिटणारे एक पाते. बस्स. १८९७ मध्ये त्याने एक ते बारा क्रमांकांचे आकार ठरवले. त्यातला आठव्या क्रमांकाचा, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा चाकू आजही हजारो भटक्यांच्या खिशात आहे. १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरणारी पोलादी कडी आली. कडी फिरवली की उघडे पाते अडकून राहते, बोटांवर मिटत नाही. पात्याची जाडी दोन मि.मी.पेक्षाही कमी, म्हणून टोमॅटो, कांदा, पाव यांवर हा चाकू स्वयंपाकघरातल्या सुरीसारखा चालतो. वजन पन्नास ग्रॅमच्या आत.

पण सह्याद्रीतला पाऊस साव्हुआतल्या पावसासारखा नाही. जुलैत दोन दिवस सॅकच्या ओल्या कप्प्यात राहिलेल्या या चाकूचे लाकूड फुगते आणि पाते मुठीत असे घट्ट बसते की नखाने ओढून निघत नाही. साव्हुआतल्या लोकांकडे यावर उपाय आहे. कडी मोकळी करून मुठीचे मागचे टोक दगडावर किंवा लाकडावर ठोकायचे, की पाते थोडे वर येते. पावसाळ्याआधी मूठ चांगली वाळवून जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात दिले तर फुगणे बरेच कमी होते. एवढे करायची तयारी नसेल तर पावसाळी ट्रेकसाठी प्लास्टिकच्या किंवा धातूच्या मुठीचाच चाकू बरा.

आता पोलाद. याविषयी जेवढी चर्चा होते तेवढी तिची गरज नसते, तरी दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. लोहार ज्याला पोलादाला पाणी देणे म्हणतो, ते तापवणे आणि विझवणे नीट झाले असेल तर साधे पोलादही उत्तम धार धरते. पाणी चुकले तर महागडे पोलादही वाया. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापात सांगतात. व्हिक्टोरिनॉक्सची पाती ५५-५६ च्या आसपास असतात, म्हणजे तशी मऊच. त्यांची धार लवकर उतरते, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परतही येते. ६० च्या वरची पाती धार पुष्कळ दिवस टिकवतात. मात्र ती उतरली की घरच्या दगडावर तास मोडतो, आणि पाते हाडात किंवा लाकडात पिळले गेले तर धारेचा कपचा उडण्याची भीती जास्त. ज्याने आजवर कधी चाकूला धार लावलेली नाही त्याने पहिला चाकू मऊ पोलादाचाच घ्यावा.

गंजाचे गणित मात्र आपल्या हवेत टाळता येत नाही. ओपिनेलचा साधा, म्हणजे कार्बन पोलादाचा चाकू सुरेख धार घेतो. त्याने कैरी चिरली की काही मिनिटांत पाते काळपट-निळे पडते आणि फोडींना लोखंडी चव येते. हा काळा थर पुढे पात्याचे थोडेफार रक्षणही करतो, पण अलिबाग-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत तेवढ्याने भागत नाही. एका रात्रीत तांबूस ठिपके उमटतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने किंवा पावसाळी भटकणाऱ्याने स्टेनलेस घ्यावे. याच कंपनीचे स्टेनलेस पातेही मिळते; ते १२सी२७ या स्वीडिश पोलादाचे असते. बाजारात हल्ली डी-२ या पोलादाचे चाकू पुष्कळ दिसतात आणि विक्रेते त्यांना बिनदिक्कत स्टेनलेस म्हणतात. डी-२ मध्ये क्रोमियम सुमारे १२ टक्के असते खरे, पण त्यातला बराचसा भाग कार्बनशी बांधला गेलेला असतो, त्यामुळे ते ओलाव्यात गंजते. आणि स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारे, असेही नाही. समुद्राच्या पाण्यात मासे साफ करून चाकू तसाच मिटला तर स्टेनलेस पात्यावरही टोचल्यासारखी छिद्रे पडतात. गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करणे एवढेच काम आहे, ते चुकवू नये.

पोलादापेक्षा जास्त फरक पडतो तो पात्याच्या जाडीने. दोन चाकू घ्यावेत, एकाच पोलादाचे, दोघांची धार सारखीच. एकाची पाठ दोन मि.मी. जाड, दुसऱ्याची चार. कागदावर दोघे सारखे चालतील. सफरचंदावर मात्र पहिला आरपार जाईल आणि दुसरा पाचरीसारखा शिरून फळ दुभंगवेल. उधेवाडीच्या पडवीत काकडी फुटली ती धार नसल्यामुळे, आणि त्याहून जास्त या जाडीमुळे. 'टॅक्टिकल' या नावाखाली विकले जाणारे बहुतेक चाकू याच दोषाचे असतात. त्यांच्या पात्यावरचे दातेही टाळावेत. दोरी कापायला दाते चांगले, पण ते घरच्या सपाट दगडावर लावता येत नाहीत आणि फळ फाडून ठेवतात.

उघडलेले पाते जागेवर कसे राहते, हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. लाल स्विस चाकूंच्या लहान आकारांत पाते फक्त स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते; पाठीवर जोर पडला तर ते मिटते. अशा चाकूने कापावे, टोचू नये. भोक पाडायला त्यातलीच आरी वापरावी, आणि तीही सांभाळून. पाते अडकवून ठेवण्याच्या अनेक रीती आहेत. मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी असते, जशी अमेरिकेतल्या बक कंपनीच्या १९६४ सालच्या '११०' या चाकूला आहे. दुसऱ्या रीतीत मुठीच्या आतली धातूची पट्टी सरकून पात्यामागे बसते, तिला लायनर लॉक म्हणतात. तिसरी ओपिनेलची कडी. कामचलाऊ बनावटीचा लायनर लॉक सर्वांत फसवा, कारण तो 'खट' असा आवाज करून बसल्यासारखा वाटतो आणि जोर पडताच निसटतो. डोंगरात ओल्या हाताने काम करायचे असेल तर पाते अडकणारा चाकू घ्यावा. घरात आणि कचेरीत साधा स्प्रिंगचा पुरतो.

मुठीबद्दल थोडक्यात: चारही बोटे बसली पाहिजेत आणि ओल्या हातातून ती निसटता कामा नये. रंग भडक असावा. हिरवा, तपकिरी किंवा काळा चाकू कारवीच्या पाचोळ्यात पडला की तो गेलाच. लाल किंवा केशरी परत सापडतो. दोरी ओवायला कडी असेल तर ती वापरावी.

दुकानात चाकू हातात आल्यावर घाई करू नये. प्रथम तो मिटलेला असताना उजेडासमोर धरून पाहावे: पाते दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसले आहे की एका बाजूला घासते आहे? मग उघडावे. चांगल्या चाकूचे पाते सुरुवातीला थोडा विरोध करते, अर्ध्यावर सरळ चालते आणि शेवटी स्वच्छ आवाज करून थांबते. उघडे पाते अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पाठीकडून धरून डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली हलवून पाहावे. लुडबुड जाणवली तर तो चाकू बाजूला ठेवावा. ती वापराने वाढत जाते. पाते अडकणारे असेल तर त्याची पाठ लाकडी टेबलावर दोन-तीनदा हलके आपटावी, बोटे मिटण्याच्या वाटेबाहेर ठेवून. एवढ्याने मिटणारा चाकू घरी नेऊ नये. धार बघायची तर वर्तमानपत्राचा एकेरी कागद हवेत धरून कडेपासून कापावा. मुठीजवळच्या धारेपासून टोकापर्यंत पाते न अडकता गेले पाहिजे. शेवटी पाते पाठीकडून पुढे न्याहाळावे. दोन्ही बाजूंचा उतार सारखा दिसत नसेल तर तो पुढे दगडावर लावताना त्रास देणार.

लाल मुठीच्या नकला रस्तोरस्ती मिळतात. त्यांतले पाते कदाचित चालूनही जाते, पण डबा उघडायचे अवजार पहिल्याच डब्यावर वाकते आणि कात्रीची स्प्रिंग महिन्याभरात उडते. अस्सल चाकूच्या मोठ्या पात्याच्या मुळाशी कंपनीचे नाव आणि देश ठसठशीत कोरलेला असतो, अवजारांच्या कडा गुळगुळीत असतात आणि प्रत्येक अवजार आपापल्या जागी आवाज करून बसते. पैसे कमी असतील तर नकली चाकूपेक्षा भांड्यांच्या दुकानातली फळे कापायची लहान स्टेनलेस सुरी घ्यावी आणि तिला जाड पुठ्ठ्याचे, चिकटपट्टीने घट्ट केलेले म्यान करावे. एका दिवसाच्या ट्रेकला ती उत्तम चालते. त्यात कमीपणा काहीच नाही.

पकडीसह अनेक अवजारे असलेले मल्टिटूल हा वेगळा विचार आहे. टिम लेदरमन हा अमेरिकी इंजिनिअर १९७५ मध्ये पत्नीबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी आणि हॉटेलांतले नळ वारंवार बिघडत, खिशातला चाकू अपुरा पडे, आणि प्रत्येक वेळी पकड हवी होती असे वाटे. त्यातून त्याने मिटणाऱ्या पकडीभोवती चाकू आणि स्क्रूड्रायव्हर बसवले. त्याचे पहिले अवजार १९८३ मध्ये बाजारात आले. मोटारसायकलने लडाखला जाणारा, सायकलवाला किंवा स्टोव्ह आणि तंबूचे खांब सांभाळणारा यांना मल्टिटूल उपयोगी. बाकीच्यांना दोनशे ग्रॅमचे ओझे. आणि घ्यायचे तर चांगले घ्यावे. २००३ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या घळीत ॲरन राल्स्टन या गिर्यारोहकाचा उजवा हात दगडाखाली अडकला आणि पाच दिवसांनी त्याने तो स्वतः कापून सुटका करून घेतली. त्या वेळी त्याच्याजवळ एक स्वस्त, बोथट मल्टिटूल होते. हाड त्याने कापलेच गेले नाही, ते आधी मोडावे लागले. '१२७ अवर्स' हा चित्रपट याच घटनेवर आहे, त्याचे संगीत ए. आर. रहमान यांचे. अशी वेळ लाखात एकावरही येत नाही, पण धार असलेला आणि नसलेला चाकू यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही.

घडीचा चाकू लाकूड फोडायला नाही. पात्याच्या पाठीवर दगड मारून ओंडका चिरण्याचे चित्रण पाहून पुष्कळ जण बिजागरी मोडून बसतात. असे काम असेलच तर न मिटणाऱ्या पात्याचा चाकू घ्यावा. स्वीडनमधल्या मोरा गावचे, प्लास्टिकच्या म्यानातले चाकू स्वस्त आणि भरवशाचे आहेत. झुडपे तोडून वाट काढायची तर वाटाड्याच्या कमरेच्या आकडीतला कोयता कुठल्याही चाकूपेक्षा वरचढ. ट्रकच्या पाट्याच्या पोलादातून गावच्या लोहाराने घडवलेला तो कोयता त्याच कामासाठी असतो. आणि हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भीमाशंकर हा परिसर अभयारण्याचा आहे. तिथे काठीसाठी कारवी तोडणे किंवा झाडावर नाव कोरणे हा गुन्हा आहे, चाकू कितीही लहान असला तरी.

कायद्याची माहिती प्रत्येकाने करून घ्यावी. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. खिशातला चाकू या मापाच्या खूप आत बसतो. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीत किंवा तणावाच्या काळात मनाई आदेश निघतात आणि त्या मुदतीत सार्वजनिक जागी चाकू बाळगण्यावर बंदी येते. दिल्लीमार्गे हिमालयात जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: तिथे बटनाने, स्प्रिंगने किंवा गरारीने उघडणाऱ्या, ७.६२ सें.मी. आणि त्याहून लांब पात्याच्या चाकूंवर स्वतंत्र निर्बंध आहेत. बटन दाबताच उघडणारा चाकू तर कुठेच घेऊ नये. भटकंतीत त्याचा काही उपयोग नाही, आणि पोलिसांना तो हत्यारच वाटतो. प्रवासात चाकू खिशात किंवा कमरेला न ठेवता सॅकमध्ये, खाण्याच्या सामानासोबत ठेवावा. विमानात हातातल्या सामानात तो चालत नाही, आधी जमा करायच्या सामानातच टाकावा. दरवर्षी कितीतरी चांगले चाकू विमानतळावरच्या पेटीत जातात ते निव्वळ विसरभोळेपणाने.

चाकूसोबत त्याच दिवशी दगडही घ्यावा. एका बाजूने चारशे आणि दुसऱ्या बाजूने हजार क्रमांकाचा दुहेरी दगड घरातल्या सुऱ्यांनाही पुरतो. जुन्या घरात न्हाव्याचा वस्तरा लावायचा निसणा सापडला तर शेवटच्या हातासाठी तो फारच चांगला.

दगड पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे सरकत नाही. खिशातल्या चाकूचे पाते साधारण दीड सेंटिमीटर रुंद असते. त्याची पाठ दगडापासून पाच मि.मी. वर राहिली की वीस अंशांचा कोन होतो. एकावर एक तीन नाणी ठेवली की जवळपास तेवढी उंची भरते. पहिल्यांदा नाण्यांवर पाठ टेकवून हाताला तो कोन शिकवावा, मग नाणी काढून टाकावीत. दगडाचा वरचा पापुद्रा काढत असल्यासारखे पाते पुढे न्यावे, मुठीकडून टोकापर्यंत, हलक्या हाताने. आठ-दहा वेळा केल्यावर पात्याच्या दुसऱ्या बाजूवरून धारेच्या दिशेने बाहेर बोट फिरवावे. केसाएवढी खरखरीत कड लागली की ही बाजू झाली. ती कड मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्येच तुटत असेल तर तिथे पाते दगडाला टेकलेले नाही. मग दुसरी बाजू, मग बारीक दगड, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने ओढून ती कड काढून टाकावी. पिकलेल्या टोमॅटोवर पाते नुसते ठेवून ओढावे. सालीने दबण्याऐवजी उघडायला हवे.

सायकलवर चाक लावून दारोदार फिरणारा धारवाला विळी आणि कोयत्यासाठी योग्य माणूस आहे. खिशातल्या पातळ पात्यावर मात्र त्याचे कोरडे, वेगाने फिरणारे चाक फार धातू खाते, आणि ठिणग्यांच्या उष्णतेने धारेवर निळी झाक आली तर तिथले पाणी उतरले असे समजावे. ती जागा पुन्हा कधी धार धरत नाही, निळा भाग संपेपर्यंत पाते घासावे लागते.

वापराच्या सवयी पहिल्या दिवसापासून लावाव्यात. चालता चालता किंवा उभ्याने झुलत कापू नये, बसावे. पसरलेला हात चाकूसकट जिथवर पोचतो त्या वर्तुळात दुसरे कोणी नसावे. मांडीवर ठेवून काही कापू नये. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. फळ तळहातावर धरून चिरण्याची आपल्याकडची सवय मोडणे अवघड, पण धारदार चाकू आल्यावर ती मोडायलाच हवी. ताटली, झाकण, सपाट दगड काहीही चालेल. दुसऱ्याला चाकू देताना मिटून द्यावा. न मिटणारा असेल तर खाली ठेवावा आणि त्याने उचलावा.

दुकानात गोंधळून जाणाऱ्यासाठी स्पष्टच सांगायचे तर: शहरात राहणाऱ्या आणि महिन्याकाठी एखादा ट्रेक करणाऱ्या माणसाने ९१ मि.मी.चा, कात्री असलेला स्विस चाकू घ्यावा. खाणेपिणे स्वतः करणाऱ्या मुक्कामी भटक्याने त्याला स्टेनलेस पात्याच्या आठ क्रमांकाच्या ओपिनेलची जोड द्यावी. दोन्ही मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन होते, आणि यानंतर पुष्कळ वर्षे तिसरा चाकू लागत नाही.

ट्रेकहून परतल्यावर बूट धुण्याआधी चाकू धुवावा. सगळी अवजारे उघडून कोमट पाण्यात साबणाने ब्रश मारावा. बिजागरीत चिखल, लिंबाचा रस आणि गुळाचा चिकटा अडकलेला असतो. पुसून चाकू उघडाच पंख्याखाली, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर रात्रभर ठेवावा. सकाळी बिजागरीत पांढऱ्या खनिज तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल सोडू नये, ते २४ अंशांच्या खाली थिजते आणि जुने झाले की चिकट होते. पाते चार-पाचदा उघड-मीट करून जादा तेल पुसून टाकावे, आणि मगच चाकू सॅकच्या वरच्या कप्प्यात परत ठेवावा.